आधी निदान, मग गॅस

मे महिना आला की आमच्या घाटाखालच्या भागात एक वाक्य हमखास कानी पडते. मलकापूर असो, नांदुरा असो की खामगाव असो, पारा चव्वेचाळीसच्या घरात गेलेला असतो. मोटारीच्या डॅशबोर्डवरील जाळ्यांतून येणारी हवा कोमट झालेली असते. अशा वेळी गाडीचा मालक, त्याचा शेजारी, पानठेल्यावर उभा असलेला कोणी आणि पुष्कळदा गॅरेजमधील मेकॅनिकही एकमुखाने सांगतो, “गॅस संपला असेल. भरून घ्या.”

विद्यार्थी मित्रांनो, या छोट्याशा वाक्यात तीन दोष आहेत. पहिला, मोटारीच्या ए.सी.तील गॅस पेट्रोलसारखा खर्च होऊन ‘संपत’ नाही. दुसरा, तो कमी झाला आहे की नाही हे न मोजताच हे वाक्य उच्चारले जाते. आणि तिसरा, रोग ओळखण्याआधीच औषध सांगून टाकले जाते. नाडी न पाहता, ताप न मोजता एखाद्या डॉक्टरने थेट सुई टोचली, तर आपण त्याला चांगला डॉक्टर म्हणणार नाही. मग यंत्राच्या बाबतीत हेच आपण मुकाट्याने का मान्य करावे?

माझे मत असे आहे, की मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेची दुरुस्ती हे आधी निदानाचे काम आहे आणि मग पान्याचे. ही गोष्ट गाडीच्या मालकांनी, मेकॅनिकांनी आणि आम्हां शिक्षकांनी ओळखली, तर पैसा वाचेल. शिवाय हवेत विनाकारण सोडला जाणारा पुष्कळसा अपायकारक वायूही थांबेल.

हे मी इतरांना उपदेश करण्यासाठी लिहीत नाही. पहिली चूक माझीच आहे आणि ती मी आधी सांगून टाकतो.

माझ्याकडे एक लहान, जुनी घेतलेली मोटार आहे. मी राहतो घाटाखाली. पण कामानिमित्त राजूर घाट चढून वरचेवर बुलढाण्याला जावे लागते. एका उन्हाळ्यात गाडीतील हवा गरम येऊ लागली. मी एका गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, “ए.सी. थंड करत नाही.” त्यांनी गॅसचा एक कॅन भरून दिला. घरी परतताना हवा थंड लागली. ती थंड लागली, कारण तोवर संध्याकाळ झाली होती, हे मला फार उशिरा उमगले! आठवड्याने पुन्हा तेच. मी दुसऱ्या गॅरेजात गेलो. तेथे त्यांनी एक व्हॉल्व्ह उघडून आतला सगळा गॅस हवेत सोडून दिला आणि अंदाजाने नवा भरला. ‘फुस्स’ असा तो आवाज थांबेपर्यंत मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो. त्यानंतर तर ए.सी. पूर्वीपेक्षाही लवकर बंद पडू लागला.

तिसऱ्या वेळी गाठ पडली ती एका तरुण मेकॅनिकशी. त्याने बॉनेट उघडले नाही. आधी मलाच विचारले, “सर, हे कवा होते? गाडी पयते तवा, का उभी रायते तवा?”

मी वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो आहे. पण हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नव्हता. आठवून पाहिले. मोठ्या रस्त्यावर गाडी वेगात असली की हवा बरी थंड येत असे. घाटात भरलेल्या ट्रकमागे मुंगीच्या पावलाने चढताना किंवा बाजारात गाडी उभी असताना मात्र ती गरम होत असे. मी तसे सांगताच तो म्हणाला, “मंग सध्या गॅसले हात नका लावू.”

त्याने इंजिन व ए.सी. सुरू केला आणि गाडीच्या पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा एक कागद धरला. आतला पंखा फिरत असता तर त्याने हवा आत ओढली असती आणि कागद जाळीला चिकटून राहिला असता. कागद खाली पडला. पंखा बंद होता. पंखाही धड होता. त्याला वीज पोहोचवणारा एक लहानसा रिले बिघडला होता. रिले बदलला. पुढच्या जाळीमागे कापसाचे तंतू, धूळ आणि किडे यांचा थर बसला होता, तो पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढला. मग त्याने यंत्राने आतला गॅस काढून घेऊन तोलला. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर जेवढे वजन लिहिले होते, त्याहून शंभर ग्रॅमपेक्षा अधिक गॅस आत निघाला! म्हणजे ज्या गाडीला गॅस कमी पडला असे आम्ही सारे म्हणत होतो, तिला तो जास्त झाला होता.

एका बंद पंख्यामुळे हवा गरम का व्हावी आणि जास्त गॅसमुळे ए.सी. आणखी का बिघडावा? याचे उत्तर दहावीच्या पुस्तकातील उष्णतेच्या धड्यात आहे. तेथे ‘अप्रकट उष्मा’ म्हणून जे शिकवले जाते, ज्याला जुन्या पुस्तकांत ‘सुप्त उष्णता’ म्हणत, त्यावरच ही सारी यंत्रणा उभी आहे. माठातील पाणी गार का होते? माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी बाष्प होताना आजूबाजूची उष्णता घेऊन जाते म्हणून. मोटारीतही हेच घडते. मात्र तेथे पाण्याऐवजी दुसरा पदार्थ असतो आणि त्याची वाफ उडून जाऊ न देता पुन्हा पुन्हा वापरली जाते.

या पदार्थाला प्रशीतक म्हणतात. आपल्याकडील बहुतेक मोटारींत तो ‘आर-१३४ए’ नावाचा असतो. नेहमीच्या वातावरणीय दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. दाब वाढवला की त्याचा उत्कलनांक वाढतो. सुमारे २.९ बार दाबाला तो शून्य अंशाला उकळतो, १०.२ बारला ४० अंशाला आणि १६.८ बारला ६० अंशाला. (एक बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाइतका दाब.) प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर उकळते, तोच हा नियम. आपण त्याला सरसकट ‘गॅस’ म्हणतो. पण अर्ध्या फेरीत तो द्रव असतो, हे ध्यानात ठेवा.

आता त्याची फेरी पाहू या. डॅशबोर्डच्या आत एक नळ्यांची गुंडाळी असते. मेकॅनिक तिला कूलिंग कॉइल म्हणतात. येथे दाब कमी असल्याने प्रशीतक शून्य ते पाच अंशांच्या आसपास उकळतो आणि गाडीतील हवेची उष्णता शोषून घेतो. झालेली वाफ इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर ओढून घेतो व दाबतो. दाबलेली, तापलेली वाफ रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये येते. तेथे ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव बनते. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून कमी दाबात शिरतो आणि पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये उकळू लागतो. थोडक्यात, ए.सी. थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो.

आता आमच्या मे महिन्याकडे या. बाहेरची हवा ४४ अंशांवर आहे. उष्णता आपण होऊन फक्त अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. म्हणजे कंडेन्सरमधील प्रशीतक ४४ पेक्षा बराच अधिक, समजा ६० अंशांवर, असल्याशिवाय तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊच शकणार नाही. त्यासाठी दाब १६-१७ बारपर्यंत चढवावा लागतो. गाडी वेगात असते तेव्हा वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो. गाडी उभी राहिली की सारा भार पंख्यावर येतो. पंखा बंद असेल किंवा वाट कापसाच्या तंतूंनी बुजलेली असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही. तापमान व दाब चढतच जातात आणि शेवटी सुरक्षेसाठी बसवलेला दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. त्यात गॅस जास्त भरलेला असेल, तर द्रव कंडेन्सरमध्ये साचून राहतो, वाफेला थंड होण्यास जागा कमी पडते आणि दाब आणखी वाढतो. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते. आम्ही आगीत तेल ओतत होतो.

तेव्हा निदानाची पहिली पायरी म्हणजे प्रश्न. हवा उभ्या गाडीत गरम होते की धावत्याही? गाडी उभी असतानाच गरम होत असेल, तर संशय पंख्यावर व कंडेन्सरवर जातो. हवा थंड आहे. पण जोर नाही? मग आतला फिल्टर धुळीने भरला असेल किंवा ब्लोअर थकला असेल. बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा ‘टक्’ असा आवाज येतो का? न आल्यास फ्यूज, वायर, स्विच तपासावे लागतील. सुरुवातीला छान थंड होऊन दहा-पंधरा मिनिटांनी बंद होते आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होते? मग आत पाण्याचा अंश शिरून व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होत असण्याचा संभव आहे. या प्रश्नांना एक पैसाही लागत नाही आणि यांतील कितीतरी उत्तरे गॅसच्या डब्यापर्यंत जातच नाहीत.

दुसरी पायरी मोजमापाची. मेकॅनिक दोन दाबमापक जोडतो, एक कमी दाबाच्या बाजूला व एक जास्त दाबाच्या. दोन्हीकडचे दाब कमी असतील, तर गॅस कमी असण्याचा संभव मोठा. दोन्हीकडे जास्त असतील, तर उष्णता बाहेर पडत नाही, गॅस जास्त आहे किंवा आत हवा शिरली आहे. कमी दाबाच्या बाजूला जास्त व जास्त दाबाच्या बाजूला कमी असा उलटा प्रकार दिसला, तर कॉम्प्रेसर दुबळा झाला आहे. कमी दाबाचा काटा जवळजवळ निर्वातापर्यंत उतरला, तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे. म्हणजे दोन काटे मिळून एक वाक्य बोलतात. एकाच काट्याकडे पाहून निर्णय देणे म्हणजे अर्धेच वाक्य ऐकून उठून जाणे होय.

येथे एक मौजेची गोष्ट सांगतो. ती वर्गातही विचारण्याजोगी आहे. इंजिन बंद आहे, गाडी सावलीत बराच वेळ उभी आहे आणि सगळी यंत्रणा ३० अंशांवर आली आहे. दाबमापक ६.७ बार दाखवतो. (हा दाब वातावरणाच्या वरचा, मूळ दाब ७.७ बार.) तर आत गॅस किती आहे? शंभर ग्रॅम की चारशे ग्रॅम?

उत्तर असे, की यावरून सांगता येत नाही! जोपर्यंत आत द्रव व वाफ दोन्ही आहेत, तोपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो, वस्तुमानावर नाही. तुमच्या स्वयंपाकघरातील सिलिंडर आठवा. त्यात १४.२ किलो गॅस भरलेला असतो. पण पहिल्या दिवशी शेगडी जशी पेटते, जवळजवळ तशीच ती शेवटच्या आठवड्यातही पेटते. म्हणूनच आई सिलिंडर हलवून पाहते आणि घरी आलेला सिलिंडर काट्यावर तोलून घ्यावा असे सांगतात. दाबावरून द्रव किती उरला ते कळत नाही. ते वजनावरून कळते. मोटारीचा गॅसही तोलूनच भरला पाहिजे. लहान मोटारीत तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असतो आणि नेमका आकडा बॉनेटखाली चिठ्ठीवर छापलेला असतो. पन्नास-शंभर ग्रॅमचा फरकही पुरेसा मोठा ठरतो. ‘काटा इथपर्यंत आला की बस’ असे म्हणून गॅस भरणे म्हणजे शेगडीची ज्योत पाहून सिलिंडरचे वजन सांगणे होय.

मग त्या स्थिर दाबाचा उपयोगच नाही का? आहे. ३० अंशांना तो ६.७ बारपेक्षा बराच कमी असेल, तर आत द्रव उरलेलाच नाही. बराच जास्त असेल, तर प्रशीतकाबरोबर हवाही कोंडली गेली आहे. दोघांच्या आंशिक दाबांची बेरीज काटा दाखवतो आहे. डाल्टनचा नियम गॅरेजात असा भेटतो.

समजा, मोजून पाहिले आणि गॅस खरोखरच कमी निघाला. तरीही ‘भरून घ्या’ हे उत्तर पुरे नाही. फेरी बंदिस्त आहे. मग गेला कोठे? कोठून तरी गळाला. जोडांतील रबरी ओ-रिंगांतून आणि नळ्यांतून काही वर्षांत अगदी थोडा गॅस झिरपतो. पण एका वर्षात ए.सी. निकामी होण्याइतका गॅस गेला असेल, तर गळती शोधलीच पाहिजे. फुटक्या माठात रोज पाणी भरण्याला कोणी दुरुस्ती म्हणत नाही.

गळती शोधण्यात आमच्या भागातील धूळ मदत करते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. प्रशीतकाबरोबर कॉम्प्रेसरला वंगण पुरवणारे तेलही फिरत असते. जेथून गॅस सुटतो, तेथे त्या तेलाचा ओलसर थर येतो आणि त्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ चिकटून एक डाग तयार होतो. जाणता मेकॅनिक नळ्यांच्या जोडांवर असा डाग शोधतो, त्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतो किंवा गॅस ओळखणारे उपकरण फिरवतो. यंत्रणा पूर्ण रिकामी असेल, तर कोरडा नायट्रोजन भरून हीच चाचणी घेतली जाते. पण पुष्कळ ठिकाणी गाडी आत घेताच इंजिनवर पाण्याचा फवारा मारून सगळे लख्ख केले जाते. पुरावाच धुऊन निघतो! तेव्हा आधी पाहा, मग पुसा.

गळती बुजवल्यानंतरही लगेच गॅस भरायचा नसतो. आत शिरलेली हवा व ओल आधी काढावी लागते. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लावतात. ३० अंशांना पाणी उकळण्यासाठी दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्याइतका उतरावा लागतो. पंप त्याहूनही खाली जातो. म्हणून नळ्यांना चिकटलेले पाणी त्याच तापमानाला उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते. मग पंप बंद करून काही वेळ काट्याकडे पाहत राहायचे. काटा चढू लागला, तर गळती किंवा ओल अजून शिल्लक आहे. ही पायरी वेळखाऊ आहे, म्हणून घाईत हीच गाळली जाते. राहिलेले पाणी तेलाशी व प्रशीतकाशी संयोग पावून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसर आतून खाते.

आता तुम्ही म्हणाल, “सर, फार तर थोडे पैसे वाया जातील. त्यात एवढे काय?” एवढे काय, ते आता पाहू या.

पूर्वी मोटारींत ‘आर-१२’ हा क्लोरोफ्लुओरोकार्बन वापरीत. १९७४ साली मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले, की असे वायू वर जाऊन ओझोनच्या थराचा नाश करू शकतात. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रसिद्ध झाली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. काही औषधी अपवाद वगळता २०१० पासून विकसनशील देशांतही या वायूंचे उत्पादन थांबले. विज्ञानाने धोका ओळखला आणि जगाने ऐकले, याचे हे सुंदर उदाहरण आहे. १६ सप्टेंबर हा दिवस म्हणूनच ओझोन दिन म्हणून पाळतात.

आर-१२ च्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही. त्यामुळे तो ओझोनला धक्का लावीत नाही. पण तो उष्णता अडवून धरणारा वायू आहे. हवामानबदलाच्या आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालानुसार, शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायॉक्साइडच्या १४३० पट परिणामकारक आहे. आता माझ्या चहाच्या वेळी हवेत गेलेल्या त्या ‘फुस्स’चा हिशेब करू. समजा, ४५० ग्रॅम गॅस सुटला. ०.४५ गुणिले १४३० म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायॉक्साइडइतका परिणाम. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायॉक्साइड होतो. म्हणजे हे झाले २८० लिटर पेट्रोल! माझी गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते, या हिशेबाने ते पाच हजार किलोमीटर झाले. बुलढाण्याहून मुंबईला पाच वेळा जाऊन परत यावे, इतका धूर मी एक कप चहा पिता पिता केला, आणि तोही पंख्याचा रिले बिघडला होता म्हणून.

याच कारणाने ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती होऊन या वायूंचाही वापर घटवण्याचे ठरले. भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली. त्यानुसार आपल्याला २०२८ मध्ये वाढ गोठवायची आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घट करीत २०४७ पर्यंत वापर ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. ‘आर-१२३४वायएफ’सारखे नवे प्रशीतक आले आहेत. त्यांचा उष्णतेवरील परिणाम फारच थोडा आहे. पण ते महाग आहेत व काही प्रमाणात ज्वलनशीलही. म्हणजे येत्या काळात अंदाजाने काम करणे अधिकच महाग व अधिकच धोक्याचे होणार. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या शीतन कृती आराखड्यात एक लाख दुरुस्ती तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते, ते उगीच नव्हे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मी त्या तरुण मेकॅनिकला विचारले, “सगळेच असे का करीत नाहीत?” तो हसून म्हणाला, “सर, डब्ब्याचे पैसे लोक देतात. पाह्याचे पैसे कोन देते?”

त्याचे म्हणणे खरे आहे. दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. आपल्याला वस्तूचे पैसे देणे कळते, विचाराचे पैसे देणे कळत नाही. अर्धा तास खपून त्याने रिले शोधला आणि स्वस्तातला रिले बदलला, तर ‘एवढ्याशा कामाचे इतके?’ असे म्हणणारे आपणच असतो. डबा भरून दिला की आपण निमूट पैसे मोजतो. मग तो डबा का विकणार नाही? शिवाय गॅस परत ओढून घेणारे, गाळणारे व तोलणारे यंत्र लहान गॅरेजला परवडत नाही, हीदेखील खरी अडचण आहे. माझी सूचना अशी, की तालुक्याच्या ठिकाणी आय.टी.आय.मध्ये किंवा गॅरेजचालकांनी एकत्र येऊन असे एक यंत्र सामाईक ठेवावे. आणि आपण ग्राहकांनी निदानाचे वेगळे पैसे आनंदाने द्यावेत. ‘किती ग्रॅम निघाला आणि किती ग्रॅम भरला’ हे बिलावर लिहून मागावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गातील काही मुले उद्या याच गॅरेजांत काम करणार आहेत. ‘भौतिकशास्त्र जमले नाही म्हणून मेकॅनिक झाला’ असे आपण म्हणतो. ते चूक आहे. त्या तरुणाने माझ्या गाडीवर जे केले, ते निरीक्षण, तर्क, चाचणी आणि मोजमाप होते. दोन थर्मामीटर घेऊन एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळा आणि पंख्याखाली दोन्हींची नोंद मुलांकडून करून घ्या. एखाद्या पालकाची मोटार घेऊन, मोठ्यांच्या देखरेखीखाली, ए.सी.च्या जाळीत थर्मामीटर ठेवा. गाडी उभी असताना व धावताना दर दोन मिनिटांनी तापमान टिपून आलेख काढा. पावसाळ्यात गाडीखाली ठिबकणारे पाणी बाटलीत जमवा. ही गळती नव्हे, हवेतील बाष्प थंड कॉइलवर जमून झालेले पाणी आहे. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेव्हा पाव लिटर पाण्यासाठी कॉइलला किती उष्णता शोषावी लागली, हे मुलांनाच काढू द्या. उत्तर सहाशे किलोज्यूलच्या आसपास येईल.

मात्र एक ताकीद. नळ्या, व्हॉल्व्ह व गॅसचे डबे यांना विद्यार्थ्यांनी हात लावू नये. उडालेला द्रव प्रशीतक कातडी व डोळे क्षणात गोठवू शकतो. आणि खर्च वाचवण्यासाठी मोटारीच्या ए.सी.त स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा आचरटपणा कोणी सुचवला, तर त्याला ठाम नकार द्या. बंद गाडीत गळलेला तो गॅस स्फोटाला आमंत्रण आहे.

पुढच्या मे महिन्यात तुमच्या घरी, काकांच्या गाडीत किंवा पानठेल्यापाशी ते वाक्य पुन्हा ऐकू येईल, “गॅस संपला असेल.” तेव्हा नम्रपणे एकच शब्द विचारा, “कशावरून?” विचारणारा लहान आहे म्हणून कोणी हसेल, कोणी रागावेलही. पण त्या एका शब्दाने पंख्याकडे पाहिले जाईल, काटे लावले जातील, वजन केले जाईल. मला हा शब्द वेळेवर सुचला नाही. तुम्हांला तो सुचावा, म्हणून हा लेखप्रपंच.